आधी चपला, मग मशीन

भांडण चाललं होतं प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत, आणि मी होते बाहेर, रांजणात पाणी ओतत. कुणी म्हणेल, अंबुबाई कान देऊन ऐकत होती. रांजणच त्या दाराला लागून होता, त्याला मी काय करणार? त्या दिवशी रांजण भरायला जरा जास्त वेळ लागला, हे मात्र खरं.

साल पंच्याऐंशी, जून महिना. आमचं कॉलेज निपाणीहून बोरगावला जाताना माळावर आहे. तेव्हा भोवती तंबाखूची शेतं आणि एक चहाची टपरी, एवढंच होतं. आठ दिवसांमागं कॉलेजात चार खोकी आली होती. त्यांत कम्प्युटर होते. गणित शिकवायला म्हणून मंजूर झाले होते, पण कागदावर नुसतं 'कॉलेजकरिता' असं आलं होतं, आणि भांडण त्याच्यावरनंच होतं.

एका अंगाला गणिताचे येळ्ळूरकर सर. सोमवारी येळ्ळूरहून यायचे आणि शनिवारी परत जायचे. दुसऱ्या अंगाला हेडक्लार्क भावकूअण्णा.

"सर, तुमी रागावू नका," भावकूअण्णा म्हणत होते. "पण दाखले, फॉर्म, हजेऱ्या, सगळं मी एका टाइपरायटरवर करतोय. त्याचा 'ई' तुटलाय. दोन वर्षं झाली, प्रत्येक दाखल्यावर पेनानं 'ई' काढतोय मी. आणि चार-चार मशीनं पोरांच्या हातात?"

"मग टाइपरायटर दुरुस्त करून घ्या की."

"मशीनं आल्यावर कशाला दुरुस्त करू?"

"अण्णा, गेल्या साली बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणिताला अडतीस पोरं होती. सहा पास झाली. सहा!"

"ती काय टाइपरायटरनं नापास केली व्हय? तुमी शिकवलं म्हणून झाली."

आत सगळं गप्प झालं. मी पण ओतायची थांबले. मग लक्षात आलं की थांबलेलं जास्त ऐकू जातं, म्हणून परत ओतायला लागले.

"मी फळ्यावर रेघ काढतो," सर हळू आवाजात म्हणाले. "पोरं ती उतरून घेतात. ती रेघ तिथंच का वळली, हे त्यांना दिसत नाही. मशीनवर दिसेल."

शेवटी प्रिन्सिपलसाहेब बोलले. "एक वर्ष. मार्चच्या परीक्षेत निम्मी पोरं पास झाली तर खोली गणिताची. नाही झाली तर मशीनं ऑफिसात. आणि अजून भांडायचं असेल तर माळावर जा."

"आणि अटेंडर म्हणून घेतलाय तो देवाप्पा?" भावकूअण्णांनी विचारलं.

"खोली राहिली तर देवाप्पा राहील. खोली गेली तर तोही गेला. ऑफिसात शिपाई आहेत दोन."

देवाप्पा त्या वेळी माझ्या शेजारीच उभा होता, विहिरीवरनं दुसरी बादली घेऊन. त्यानं सगळं ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो म्हणाला, "आक्का, रांजण सांडाय लागलाय."

देवाप्पा निपाणीचा. आई पारूबाई विड्या वळायची, बाप हमालीत गेला. घर बौद्धांचं. घरात देव नव्हते, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि फोटोच्या खाली पोरांच्या वह्या ठेवायची फळी. पारूबाईचं एकच म्हणणं होतं, पोरगं शिकलं पाहिजे. देवाप्पा शिकला पण. पीयूसीला, म्हणजे बारावीला, गणितात तीनदा नापास झाला. पहिल्यांदा अकरा मार्क पडले, मग चौदा, मग नऊ. चौदा पडले त्या साली घरात थोडी आशा होती. त्यानंतर त्यानं आठ वर्षं कॉलेजात रोजावर काम केलं. झाडं लावली, बाकं उचलली, टपाल पोचवलं. टपालाचं काम त्याच्याकडंच राहिलं. निपाणीतली एक गल्ली त्याला ठाऊक नाही असं व्हायचं नाही. कम्प्युटरच्या खोलीवर नेमणूक झाली तेव्हा त्याचं वय तीस, केस थोडे पिकलेले, आणि कागदावर शब्द होता 'टेंपररी'.

सरांनी त्याला नियम सांगितले. धूळ नको, म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर व्हरांड्यात काढायच्या. खिडक्यांना पडदे. देवाप्पानं मशीनला हात लावायचा नाही. एक वही ठेवायची, तीत तारीख, कोण आलं आणि काय काम झालं ते रोज लिहायचं.

देवाप्पा लिहीत होता. चौथ्या दिवशी त्यानं संध्याकाळी कुलूप लावलं आणि आम्ही दोघं निघालो. मी सहज म्हटलं, "देवाप्पा, ही चपल कुणाची रं?" दाराशी एक जोड राहिला होता. देवाप्पानं तो निरखून बघितला, मग कुलूप काढलं. आत येळ्ळूरकर सर मशीनसमोर बसलेले. आपल्याला कोंडलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणाले, "अजून पाच मिनिटं." त्या दिवसापासनं देवाप्पानं वहीत एक रकाना वाढवला, चपलांचा. संध्याकाळी व्हरांडा मोकळा दिसला की 'चपला नाहीत' असं लिहायचं आणि मगच कुलूप.

पहिले दोन-तीन महिने असे गेले. सर मशीनवर काहीतरी टाइप करायचे, पडद्यावर हिरवी रेघ वाकडी होत यायची, पोरं टॉकीजमध्ये बसल्यासारखी बघायची, "आयला" म्हणायची आणि घरी जायची. सप्टेंबरात सरांनी चाचणी घेतली. यंदाही पोरं अडतीसच, त्यांतले चार पास. मशीन नव्हतं तेव्हा सहा झाले होते.

दुसऱ्या दिवशी भावकूअण्णा टेप घेऊन खोलीत आले. खिडकीपास्नं भिंतीपर्यंत मापलं. देवाप्पानं टेपाचं दुसरं टोक धरलं.

"काय मापताय अण्णा?"

"काय न्हाय. माझं टेबल हितं बसतंय का बगतोय."

"बसतंय की," देवाप्पा म्हणाला. "वर चार बोटं उरत्यात."

मला राग आला त्याचा. माणसानं स्वतःच्या पोटावर पाय पडताना टेप तरी धरू नये.

आता लाइटीचं. आमच्या माळावर अकराच्या सुमाराला लाइट जायची. कधी अर्ध्या तासानं यायची, कधी दुपारी. त्या दिवशी लाइट गेली, सर फोन करायला ऑफिसात गेले, आणि पोरं व्हरांड्यात येऊन पाय पसरून बसली. देवाप्पा वही घेऊन उभा. काय काम झालं, हा रकाना मोकळा राहिला होता. मोकळा रकाना त्याला चालायचा नाही.

"आज पडद्यावर काय येणार हुतं?" त्यानं विचारलं.

शामू म्हणून एक बोरगावचा पोरगा होता. तो म्हणाला, "एक्सचा वर्ग."

"म्हंजे दिसायला कसं?"

"दिसल्यावर कळंल की अण्णा."

"दिसायच्या आदी सांग."

कुणाला सांगता येईना. देवाप्पा म्हणाला, "मला हाच प्रश्न तीनदा आलता. तिन्ही डाव मी सरळ रेघ काढली. त्यामुळं सरळ न्हाय एवढं मला ठाव हाय. पुढचं तुमी सांगा."

पोरं हसली. देवाप्पा हसला नाही, तो खाली बघत होता. व्हरांड्याला फूटभर चौकोनी शहाबादी फरश्या होत्या, भिंतीकडनं कडेपर्यंत दहा ओळी. त्यानं शामूची एक चपल उचलली आणि भिंतीलगत, दाराच्या बरोबर समोर ठेवली.

"ओ, माझी चपल!"

"तुझीच. ती शून्यावर हाय. आता एक फरशी उजवीकडं सरक. एकाचा वर्ग किती?"

"एक."

"मग भिंतीपास्नं एक फरशी म्होरं. ठेव. दोनाचा?"

"चार."

"चार फरश्या म्होरं. तिनाचा नऊ. ती पार कडंला गेली. आता डावीकडं. हिकडं उणे. उणे दोनचा किती?"

"उणे चार," शामू म्हणाला.

"उणे चार म्हंजे भिंतीच्या आत जायला लागतंय. आत कम्प्युटर हायत. कोण जाणार?"

माझ्या गल्लीतली यल्लव्वा त्याच वर्गात होती. तिची आई विड्या वळते, ही पण रोज सकाळी पानं कापून मग कॉलेजला यायची. ती म्हणाली, "शाम्या, उण्याला उण्यानं गुणलं की अधिक येतंय रं. ती पण चारावरच." आणि तिनं स्वतःची चपल काढून तिथं ठेवली. मग उणे तीनवर कुणाची, उणे एकवर कुणाची. सात चपला झाल्या. दारातनं बघितलं तर दोन्ही बाजूंनी उतरत आलेल्या.

"मधी टोक हाय, पाचरीवाणी," शामू म्हणाला.

"टोक न्हाय, गोल हाय," यल्लव्वा.

"कशावरनं?"

"अर्ध्यावर ठेवून बघ. अर्ध्याचा वर्ग पाव."

तेवढं मला कळलं. अर्ध्यातलं अर्धं पाव, हे मला तेलाच्या मापावरनं ठाऊक. अर्धी फरशी बाजूला आणि पावच फरशी पुढं, अशी यल्लव्वानं आठवी चपल ठेवली, आणि पलीकडं नववी. आता ते कढईच्या बुडासारखं दिसायला लागलं. मी कळशी खाली ठेवून बघत राहिले.

तेवढ्यात सर आले. बघतात तर व्हरांडाभर चपला.

"सर, उचलतो," देवाप्पा गडबडीनं म्हणाला.

"हात लावू नकोस."

सर तिथंच उभे राहिले, लाइट येईपर्यंत. लाइट आली, मशीन चालू झालं, सरांनी टाइप केलं, आणि पडद्यावर तीच कढई आली. त्या दिवशी पोरं टॉकीजसारखी गप्प नव्हती. पडदा बघायची, पळत बाहेर येऊन चपला बघायची, परत आत. यल्लव्वा म्हणाली, "सर, आमी नऊ ठेवल्या. मशीननं मधल्या सगळ्या ठेवल्या."

सरांनी ते वाक्य खिशातल्या बसच्या तिकिटावर लिहून घेतलं.

तिथनं पुढं नियमच झाला. आधी चपला, मग मशीन. लाइट असली तरी. आधी प्रत्येकानं व्हरांड्यात सांगायचं, रेघ कशी येणार. देवाप्पा वहीत लिहायचा कुणी काय सांगितलं. मग आत जाऊन मशीनला विचारायचं. चुकलेल्यानं बाहेर येऊन आपली चपल उचलून बरोबर जागी ठेवायची. ज्याची चपल चुकली त्याला ती रेघ जन्मात विसरायची नाही असं सर म्हणायचे. नावं देवाप्पाची. एका रेघेला तो 'पाळणा' म्हणायचा, एकीला 'घाट', आणि एक वर-खाली, वर-खाली जाणारी होती तिला 'बोरगावचा रस्ता'.

एकदा प्रिन्सिपलसाहेब खोली बघायला आले. नियमाप्रमाणं बूट बाहेर काढून आत गेले. बाहेर आले तर बूट जागेवर नाहीत.

"देवाप्पा, माझे बूट?"

"साहेब, एक उणे तीन, नऊवर हाय. दुसरा अजून ठरला न्हाय. पोरांचा वाद चाललाय."

साहेब मोज्यांवर थांबले. वाद मिटायला दहा मिनिटं लागली. साहेबांनी बूट घातले आणि जाताना त्या नऊवरच्या फरशीकडं एकदा वळून बघितलं.

असं सगळं बरं चाललं होतं. आता पुढचं मला लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. कुणाचा नांगर, कुणाचा तराजू, आमच्या गल्लीत विडीच्या कात्रीची. ऑफिसात टाइपरायटर, घंटा आणि शिपायाची सायकल यांना हार घातले. भावकूअण्णा म्हणाले, "अंबुबाई, त्या नव्या मशीनांची पण करून टाका." देवाप्पा पूजा करत नाही. त्यानं मला कुलूप काढून दिलं आणि विहिरीवर गेला.

मशीनांवर मी नुसती झेंडूची फुलं ठेवली. वीज आहे, पाणी शिंपडू नये, एवढं मला कळत होतं. मग ड्रॉवर उघडला. त्यात त्या काळ्या चौकोनी फ्लॉपी होत्या, सतरा. सर नेहमी म्हणायचे, मशीनात काही नाही, सगळं गणित ह्या फ्लॉपींत आहे. मी म्हटलं, मग खरं हत्यार हेच. कागदाच्या पाकिटातनं एकेक काढली. प्रत्येकीला एक लांबट खिडकी होती आणि तीतनं आतली तपकिरी, चकचकीत चकती दिसत होती. कपाळच जणू. तिथं हळद लावली, कुंकू लावलं, आणि गळू नये म्हणून ओलं करून लावलं. एकीला जास्त एकीला कमी असं नको, म्हणून सतरांना सारखं. परत पाकिटात घालून ठेवल्या. माझं मन एकदम समाधान पावलं.

दसरा झाला, कॉलेज उघडलं. सरांनी पहिली फ्लॉपी घातली. मशीन खर्र खर्र करायला लागलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणालं. दुसरी घातली, तेच. सरांनी ती बाहेर ओढली आणि त्यांची बोटं लाल झाली.

प्रिन्सिपलसाहेब आले, भावकूअण्णा आले. मी दारात, कळशी कमरेवर.

"कुणी केलं हे?"

"मी केलं, साहेब," देवाप्पा म्हणाला.

सरांनी त्याच्याकडं बघितलं. "देवाप्पा, तू कधीपासून कुंकू लावायला लागलास?"

"यंदापास्नं, सर."

भावकूअण्णांनी आधी फ्लॉपीकडं बघितलं, मग माझ्या कपाळाकडं, मग छताकडं. साहेबांनी मेमो दिला. त्यात लिहिलं होतं, परत चूक झाली तर काढून टाकू.

मी विहिरीवर त्याला गाठलं. "देवाप्पा, मी जाऊन सांगते त्यास्नी."

"सांगून काय हुणार आक्का? तुमी सांगितलंसा तर दोन नावं लिवतील. एक तर लिवून झालंय."

सर मात्र डोक्याला हात लावून बसले होते. चार महिन्यांचं काम त्या फ्लॉपींत होतं, आणि परीक्षेला राहिले होते पाच महिने. देवाप्पा आत गेला आणि वही त्यांच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"तुमीच सांगितलं हुतं सर. काय काम झालं ते लिव."

सरांनी पानं उलटली. सर मशीनवर जे काही टाइप करायचे ते सगळं पडद्यावर दिसायचं, आणि देवाप्पानं ते दिसेल तसं उतरून घेतलं होतं. अक्षर, आकडा, टिंब, कंस. त्याला त्यातलं फार कळत होतं असं नाही. काम झालेलं तेच होतं, म्हणून तेच लिहिलं. दोन ठिकाणी मशीननं सरांची चूक दाखवली होती, ती पण त्यानं तारखेसकट लिहून घेतली होती.

पुढच्या सोमवारी सर बेळगावहून नव्या फ्लॉपी घेऊन आले. पण एवढं सगळं एकटे कधी टाइप करणार? म्हणून पोरांना मशीनपुढं बसवलं, प्रत्येकाला वहीतलं एक पान. तोवर पोरांनी मशीन लांबनंच बघितलं होतं. आता ती एक कंस विसरायची आणि कढई उलटी व्हायची, एक टिंब चुकायचं आणि घाट गायब. मग का गायब, म्हणून परत व्हरांड्यात, परत चपला. सर हात मागं बांधून उभे राहायचे. विचारलं तरी सांगायचे नाहीत. देवाप्पा म्हणायचा, "सर, सांगून टाका, पोरगी रडाय लागलीय." सर म्हणायचे, "रडू दे. पाचव्या ओळीत आहे चूक, सापडेल तिला."

परीक्षा झाली. परीक्षेला मशीन नव्हतं आणि चपला पायात होत्या. वर्गावर देखरेख करणारे मास्तर म्हणाले की गणिताच्या पेपरला पोरं सारखी खाली फरशीकडं बघत होती, कॉपी असेल म्हणून त्यांनी तीनदा बाकांखाली तपासलं.

जूनमध्ये निकालाची यादी आली. भावकूअण्णांनी ती ऑफिसात मोठ्यानं वाचली आणि पास झालेल्यांपुढं बारीक खुणा केल्या. एकोणीस हवे होते. सर खिडकीशी, देवाप्पा दारात, मी रांजणाशी. अण्णांनी खुणा मोजल्या, परत मोजल्या, मग खालनं वर मोजल्या. वीस.

"वीस हायत," अण्णा म्हणाले. मग शिपायाला म्हणाले, "मष्णू, तो टाइपरायटर बाहेर काढ. दुरुस्तीला टाकायचा."

अशा रीतीनं आमच्या कॉलेजात 'ई' परत आला.

वर्षाच्या अहवालात गणिताच्या नव्या पद्धतीवर अर्धं पान आलं. सरांनी देवाप्पाचं नाव घातलं होतं. टेंपररी माणसाचं नाव छापता येत नाही, म्हणून साहेबांनी ते काढलं आणि 'व्हरांड्याचा उपयोग करून' असं घातलं. देवाप्पानं ते वाचलं. म्हणाला, "बरोबर हाय. व्हरांडा परमनंट हाय."

अशी सगळी मिळून तीन वर्षं गेली. दर जूनला देवाप्पाला वर्षाची मुदतवाढ मिळायची. पोरं पास होत होती. कधी अठरा, कधी पंचवीस. यल्लव्वा अठ्ठ्याऐंशीला बी. एस्सी. झाली, सेकंड क्लासमध्ये. आमच्या गल्लीत तिनं पेढे वाटले, तेव्हा पहिला देवाप्पाला दिला.

त्याच सालात वरून कागद आला. भावकूअण्णांनी तो कन्नडमध्ये वाचला. आम्हा सगळ्यांना कळला, तरी त्यांनी मराठीत परत सांगितला. कम्प्युटरची खोली चांगली चालते म्हणून तिथली जागा कायम केली आहे. जागेला माणूस पाहिजे, बी. एस्सी., गणित घेऊन.

परत साहेबांच्या खोलीत भांडण झालं, आणि परत मी रांजण भरत होते.

"साहेब, ती जागा कायम झाली कुणामुळं?" सर ओरडत होते. सरांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं.

"मला माहीत आहे. पण तो नियमात बसत नाही. पीयूसीही नाही झालेली. आणि वर फायलीत एक मेमो आहे."

मी कळशी खाली ठेवली आणि आत गेले. त्या खोलीत मी झाडू घेऊन पुष्कळदा गेले होते, बोलायला पहिल्यांदाच.

"साहेब, तो मेमो माझा हाय. कुंकू मी लावलं हुतं."

साहेबांनी चष्मा काढला. "अंबुबाई, ते आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग माझ्या नावानं का न्हाय दिला?"

"पाणी भरणाऱ्या बाईला मेमो द्यायचा फॉर्म नाही आमच्याकडं."

मेमो त्यांनी फायलीतनं काढून माझ्यासमोर फाडला. त्यानं काही व्हायचं नव्हतं. पीयूसी तशीच राहिली. ती काही फायलीतनं काढून फाडता येत नाही.

तीन अर्ज आले. मुलाखती झाल्या. पहिला नंबर यल्लव्वाचा आला.

शनिवारी दुपारी भावकूअण्णांनी नेमणुकीचं पत्र टाइप केलं, सही आणली, पाकिटात घातलं. टपालवहीत नोंद केली. मग पाकीट हातात धरून बसून राहिले.

"देवाप्पा," शेवटी म्हणाले, "हे मष्णूकडं दे. त्यो जाईल."

"मष्णूला ती गल्ली ठाव न्हाय अण्णा." देवाप्पानं पाकीट घेतलं, टपालवही घेतली आणि सायकलला टांग मारली.

त्या दिवशी मी दुपारीच घरी आले होते. यल्लव्वाच्या दारात तिच्या आईबरोबर पानं निवडत बसले होते. देवाप्पा आला, सायकल भिंतीला लावली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि टपालवही उघडली.

"यल्लव्वा, टपाल."

तिनं पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं. आई विचारतेय, "काय गं? काय आलं?" पण हिचं तोंड उतरलेलं.

"अण्णा, ही तर तुमची जागा हाय."

"जागा सरकारची हाय. सही हितं कर. तारीख घाल."

"मी न्हाय घेणार."

देवाप्पा उंबऱ्यावर बसला. "हे बघ, तू न्हाय घेतलीस तर दुसऱ्या नंबरचा येणार. त्यो मुलाखतीला आलता त्या दिवशी मी खोली दावली त्याला. बूट घालून आत गेला. सांगितलं तर म्हणाला, हितं चपला कशाला पसरल्यात, उचला की. त्यो सोमवारी आला तर मंगळवारी व्हरांडा साफ करंल."

यल्लव्वानं पत्र परत पाकिटात घातलं.

"आणि अकराला लाइट गेल्यावर पोरांस्नी घरी पाठवंल," देवाप्पा म्हणाला. "मग परत चार पास. मग भावकूअण्णांचं टेबल. चार बोटं उरतंय तिथं, मी स्वतः मापलंय."

"आणि तुमी?"

"मला वखारीत बोलावलंय, सोमवारपास्नं. तंबाखू हाय, वीज लागत न्हाय."

मी पानं निवडत राहिले, आणि नंतर बघितलं तर चांगली पानं वाईटात टाकली होती.

यल्लव्वानं सही केली. एक अक्षर वर गेलं. देवाप्पानं सही निरखून बघितली, तारीख बघितली आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

"चावी ऑफिसात हाय, सोमवारी सही करून घे," तो म्हणाला. "वही ड्रॉवरमधी. काय काम झालं ते सगळं लिवायचं, कळलं न्हाय तरी. संध्याकाळी व्हरांडा बघून कुलूप लाव. सरांची चपल राहिली असंल तर त्यांस्नी पाच मिनिटं दे. मागतातच."

"घोटभर चहा घ्या की अण्णा," यल्लव्वाची आई म्हणाली.

"नको आक्का. टपालवही साडेपाचच्या आत जमा करायची असती."

त्यानं चपला घातल्या, टपालवही कॅरिअरला लावली, ओढून घट्ट झाल्याची खात्री केली आणि माळाकडं निघाला. तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. वाऱ्याला तोंड देऊन सायकलनं कॉलेज गाठायला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं घाई केली नाही.